खाट नंबर २७ : एका किशोर रहस्यकादंबरीच्या कामाच्या नोंदी

१७ मे २०२५

काम असं: दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी भीतीची रहस्यकादंबरी. पंचवीस-तीस हजार शब्द, एकच इमारत. डोंगरावरचं जुनं सॅनेटोरियम (क्षयरोग्यांना ठेवायचं रुग्णालय), त्याचं पुढे वसतिगृह झालेलं. मुलं नवीन, इमारत जुनी, आणि मोठी माणसं काहीतरी बोलायचं टाळतायत. आपल्याकडे भूत म्हटलं की वाडा ठरलेला. पण वाड्यातून पळून जाता येतं. संस्थेत सकाळ-संध्याकाळ हजेरी असते, गेटवर वही असते, बाहेर पडायला सही लागते. मला भीती तिथे दिसते.

नोंदी अशाच कामाला हात घालणाऱ्यांसाठी ठेवतेय. कादंबरी कशी लिहावी याचा उपदेश इथे मिळणार नाही. काय फसलं, काय बदललं, पैसे कुठे गेले, एवढंच.

जागा पाचगणीच्या आसपास. उंची सुमारे १३०० मीटर; महाबळेश्वर वीस किलोमीटरच्या आत असूनही पाऊस तिथल्यापेक्षा पुष्कळ कमी, म्हणून छातीचे रोगी इथे हवापालटाला येत. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथे बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, आणि रुग्णालय म्हणून ते आजही सुरू आहे. त्यामुळे पहिला नियम: खऱ्या, चालत्या संस्थेच्या माथी भूत मारायचं नाही. माझी इमारत पूर्ण काल्पनिक, महाबळेश्वर तालुक्यात पण पाचगणी नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. हद्दीबाहेर का, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पुढे तेच कामाला आलं.

२५ मे

पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. श्रोते: आमच्या कॉलनीतली पाचवी ते आठवीची सहा-सात पोरं, जिन्याच्या पायऱ्यांवर. पावसाळी रात्र, पसरणी घाटात बंद पडलेली एसटी, विजेच्या उजेडात दिसणारं गेट, कंदील घेतलेला कुबडा रखवालदार. मनापासून लिहिलं होतं.

रखवालदारापर्यंत पोचले आणि सातवीतली एक म्हणाली, "काकू, पुढचं मी सांगू?" तिने सांगितलं. बरोबर होतं.

प्रकरण काढून टाकलं, साडेतीन हजार शब्द. त्यातलं एकच वाक्य ठेवलंय, ओल्या गादीच्या वासाचं. दुसरं असं की कुबडा रखवालदार, एका डोळ्याची स्वयंपाकीण असली माणसं सगळीच काढली. शरीरातलं वैगुण्य दाखवून घाबरवणं सोपं आहे, पण वाचणाऱ्यांत तसंच एखादं मूल असेल तर त्याने पुस्तक मिटून कुठे जायचं?

४ जून

सॅनेटोरियमचा दिनक्रम नीट वाचून काढला. औषध नव्हतं तेव्हा उपचार म्हणजे हवा, खाणं आणि विश्रांती. रोगी उघड्या व्हरांड्यात खाटेवर पडून राहायचे, थंडीतसुद्धा. ठरल्या वेळी ताप मोजायचा, खाटेच्या पायथ्याला टांगलेल्या तक्त्यावर ठिपका द्यायचा. विश्रांतीच्या तासात बोलायचं नाही, काही ठिकाणी वाचायचंही नाही. इंग्लंडात फ्रिमलीच्या सॅनेटोरियममध्ये मार्कस पॅटर्सन या डॉक्टरने श्रमसुद्धा मापून दिले: आधी ठरावीक अंतर चालणं, मग टोपलीतून ओझं नेणं, मग फावडं. ताप चढला की पुन्हा खाट.

हे वाचताना लक्षात आलं की भूत मी चुकीच्या वेळी आणत होते. नवीन सुरुवात दुपारी दोनला आहे. लख्ख ऊन. घंटा होते आणि वसतिगृहातली चाळीस मुलं एक शब्द न बोलता व्हरांड्यात ओळीने आडवी होतात. नवी आलेली मिताली विचारते, कशासाठी? रेक्टरबाई म्हणतात, "इथे असंच असतं." रोगी जाऊन साठ वर्षं झाली, घंटा तेवढी राहिली. ओळीत सव्वीस नंबरची खाट आहे, अठ्ठावीसची आहे, आणि मधल्या रिकाम्या खाटेवर रोज कोणीतरी चादर बदलतं.

पोरांना वाचून दाखवलं. कोणी काही सांगायला पुढे आलं नाही. एकाने फक्त विचारलं, "झोप नाही आली तर?"

१२ जून

इमारत अंगावर उलटली. तिसऱ्या प्रकरणात मिताली जिना चढून डावीकडे वळते आणि व्हरांड्यात येते. पाचव्यात त्याच जिन्यावरून उजवीकडे वळून त्याच व्हरांड्यात. कोठीची खिडकी एकदा दरीकडे उघडते, एकदा अंगणात. मोठे वाचक हे सोडून देतात. मुलं नाही देत, ती नकाशा काढून बसतात.

मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून इमारतीचा तळ मांडला. लांब व्हरांडा, मागे ओळीने खोल्या, एका टोकाला मेस, दुसऱ्या टोकाला कार्यालय आणि त्याच्या पोटात दप्तराची, म्हणजे जुन्या कागदपत्रांची, खोली. माणसांच्या जागी बटणं. बटणं हलवून पाहिली तेव्हा कळलं की कार्यालयातून निघालेल्या माणसाला कोणाच्याही नजरेस न पडता सत्तावीस नंबरच्या खाटेपाशी पोचताच येत नाही. खाटांची ओळ ओलांडावी लागते. आठ प्रकरणांचा पाया त्या चोरपावलांवर होता.

आधी भुयार घालायचा मोह झाला. अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिलला वेव्हर्ली हिल्स नावाचं सॅनेटोरियम होतं. तिथून टेकडीखाली उतरणारं भुयार आहे. मेलेल्यांना त्यातून नेत, बाकीच्या रोग्यांना दिसू नये म्हणून. वाचून अंगावर काटा येतो. पण भुयार आणलं की रहस्य संपलं, कोणीही कुठूनही उगवू शकतं. ठेवलं नाही. उलट केलं: तो माणूस सगळ्यांच्या देखत येतो, विश्रांतीच्या तासात, आणि मुलांना डोळे मिटायची सक्ती आहे. एवढं पुरलं.

आणखी एक: चांदणं सगळीकडून काढलं. आषाढात पाचगणीला चंद्र बघितलाय कोणी? त्या जागी धुकं. व्हरांड्यात शिरणारं, दोन खाटांपलीकडचं दिसू न देणारं. न वाळलेल्या कपड्यांचा वास आणि उशीवर बुरशीचे ठिपके. हे फुकट मिळालं.

२२ जून

सॅनेटोरियम बंद का पडलं? "कालांतराने" असं लिहून सुटता आलं असतं. पण खऱ्या कारणात गोष्ट आहे.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, पुढच्या दशकभरात आयसोनायझिड आणि पास या गोळ्या आल्या. मग मद्रासला १९५६ पासून एक अभ्यास झाला. क्षयाचे रोगी चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटले, निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी, दाटीच्या वस्तीत. औषधं तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरचे रोगी जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरातल्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. थंड हवा, दूधदुभतं, व्हरांडा यांच्यावाचून अडत नाही हे आपल्याच देशात, गरिबांच्या घरांत सिद्ध झालं, आणि जगभरची सॅनेटोरियम हळूहळू ओस पडली.

म्हणजे माझी इमारत कुठल्या शापाने रिकामी झालेली नाही. माणसं बरी होऊ लागली म्हणून झाली. शेवटचा रोगी १९६३ मध्ये गेला असं धरलंय.

६ जुलै

दोन आठवडे वाया. शेवटी आगीचं प्रकरण लिहायचं म्हणून दप्तराच्या खोलीत क्ष-किरणांच्या जुन्या फिल्म ठेवल्या होत्या. १९२९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशाच फिल्म पेटल्या आणि विषारी वायूने शंभरावर माणसं गेली. ते वाचून उत्साहात तीन प्रकरणं त्या दिशेने वळवली.

पण पेटल्या त्या नायट्रेटच्या फिल्म. माझ्या इमारतीतल्या १९५५-६० च्या. तोवर सुरक्षित ॲसिटेटच्या फिल्म आल्या होत्या, त्या तशा भडकत नाहीत. वर ओळखीचे एक निवृत्त तंत्रज्ञ म्हणाले, "साठ वर्षं फिल्म राहतील कशा? चांदीसाठी केव्हाच भंगारात गेल्या असतील." फिल्मवर चांदीचा थर असतो आणि ती काढणारे लोक रुग्णालयांतून गठ्ठे विकत नेतात.

आग रद्द. रिकाम्या रॅकचं वर्णन ठेवलं. फिल्मची पाकिटं आहेत, नंबर आहेत, आत काही नाही. फक्त कागद उरलेत. त्या वाक्यावर बराच वेळ थांबले होते, कारण पुढच्या सगळ्या कादंबरीला तेच लागणार होतं. तेव्हा मात्र नुसतं रडू येत होतं.

२० जुलै

खाट नंबर सत्तावीस ही तोपर्यंत एका मेलेल्या मुलीची होती. बारा वर्षांची, क्षयाने गेलेली, रात्री खोकत फिरणारी. भूत म्हणून बरं चाललं होतं. खोकल्याच्या जागी पोरं एकमेकांना चिकटून बसत.

आज वाचन संपल्यावर सहावीतला एक जण मागे राहिला. चप्पल घालता घालता म्हणाला, "टीबी झाला की भूत होतं का माणूस? माझ्या आत्याला टीबी आहे. ती आमच्याच घरी असते." मग म्हणाला, "गोळ्या चालू आहेत, अजून चार महिने."

क्षयाला मी जुन्या काळाचा रोग धरून बसले होते. जगातल्या क्षयरोग्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. साध्या क्षयाला सहा महिने गोळ्या, बहुतेक माणसं बरी होतात, आणि तरी घरात सांगायची चोरी. माझ्या वाचकांच्या वर्गात अशा गोळ्या घेणारं मूल किंवा आई असणारच. खोकणारं भूत त्या घरात जाऊन काय करेल?

खोकला सगळा काढला. मुलीचं भूतही. हातात उरलं काय: घंटा, बदललेली चादर, तापाचा तक्ता. भरणारं कोणी नाही.

२ ऑगस्ट

काहीच लिहिलं नाही. फक्त एक प्रश्न वहीत पुन्हा पुन्हा: नसलेल्या रोग्याचा तक्ता कोण भरेल, आणि का?

आज उत्तर सापडलं, तेही घरातल्या जमिनीच्या कटकटीत. माहेरच्या एका तुकड्याचा सातबारा काढला होता. उजवीकडे 'इतर हक्क'च्या रकान्यात कोणा पूर्वीच्या माणसाची अट अजून बसलेली. माणसं गेली, अट जिवंत.

तर असं: १९२० च्या सुमारास एका शेठजींनी जमीन दिली. दानपत्रात अट घातली की इथे एक तरी क्षयरोगी उपचार घेत असेल तोवर जमीन संस्थेची. शेवटचा रोगी गेला की जमीन शेठजींच्या वारसांकडे परत. १९६३ मध्ये शेवटची रोगी, बारा वर्षांची एक मुलगी, घरी जायला निघाली. विश्वस्तांनी तिचं नाव रजिस्टरमधून कमी केलंच नाही. तेव्हापासून कागदावर ती तिथेच आहे. वय बारा, वजन तेच, खाट नंबर सत्तावीस. तक्ता रोज भरला जातो, कारण वारसांचा वकील वर्षातून एकदा तपासायला येतो. आणि तो येतो तेव्हा वसतिगृहातल्या एखाद्या मुलीला त्या खाटेवर झोपवतात. डोळे मिटून. बोलायचं नाही.

हे शेवटचं सुचलं तेव्हा मी स्वतः घाबरले. सगळं पुस्तक त्या बाजूला वळलं.

१० ऑगस्ट

वकील मैत्रिणीकडे जाऊन विचारलं, अशी अट चालते का. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १२६: देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी ठरावीक घटना घडली तर दान रद्द होईल, असं दोघांना ठरवता येतं. रोगी जाणं ही तशी घटना. "कोर्टात वीस वर्षं चालेल," म्हणाली, "पण कादंबरीला पुरे." (१८८२ हेच ते साल, ज्या वर्षी रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला. पुस्तकात हे कुठेच घालता आलं नाही, म्हणून इथे.)

विश्वस्त सरळ विकून मोकळे का होत नाहीत? सार्वजनिक न्यासाची मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि परवानगी मागितली की दानपत्र बाहेर येणार. आणि आत्ताच एवढी धडपड का? २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. नवीन बांधकामावर बंधनं, म्हणून जुन्या उभ्या इमारतीला सोन्याचा भाव. हॉटेलवाले दारात उभे.

इथे हद्दीबाहेरची जागा कामी आली. नगरपरिषदेच्या हद्दीत बहुतेक मिळकतींना मिळकत पत्रिका असते, बाहेर सातबारा. आणि सातबारा वाचता येणारं मूल मला सहज मिळालं. ओंकार, भिलारच्या बाजूचा, स्ट्रॉबेरीवाल्या घरातला. बापाबरोबर तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेला. मिताली पुण्याची, तिला इंग्रजी येतं. दानपत्र इंग्रजीत आहे. दोघांना एकमेकांशिवाय गत्यंतर नाही. जोडी जमवण्यासाठी केलेले आधीचे सगळे प्रसंग (साप, विहीर, हरवलेली वही) त्याच रात्री उडवले.

२४ ऑगस्ट

रहस्याचा मुख्य धागा असा होता: क्षयाचा ताप संध्याकाळी चढतो. खोटा तक्ता भरणाऱ्या कारकुनाला ते माहीत नाही, तो सकाळचा ठिपका वर देतो. मिताली ओळखते, कारण तिच्या आईला क्षय होऊन गेलाय. मला यात फार हुशारी वाटत होती.

छातीच्या डॉक्टरांना प्रकरण वाचायला दिलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की सर्व शरीरभर पसरणाऱ्या क्षयात क्वचित उलटा तापही दिसतो, सकाळी जास्त. "म्हणजे पुरावा नाही झाला. शंका झाली."

शंका म्हणून ठेवली. पुरावा दुसरा हवा.

३१ ऑगस्ट

मिळाला. कारकून गणपतीला गावी जाणार. जाण्याआधी आठवड्याचं काम उरकून ठेवतो, जसं कुठल्याही कार्यालयात कोणीही ठेवतं. मंगळवारी मुलं चोरून तक्ता बघतात, आणि त्यावर शनिवारपर्यंतचा ताप भरलेला आहे.

नसलेल्या मुलीला शनिवारी संध्याकाळी किती ताप येणार, हे मंगळवारीच लिहिलेलं. पोरांना हे वाचून दाखवलं तेव्हा कोणीतरी "आई गं" म्हणालं. आणि खुलासा इतका साधा आहे की कळल्यावर हसू यावं. भीती आणि उत्तर एकाच कागदातून निघतात. उत्तर आलं तरी भीती खोटी ठरत नाही, कारण माणूस तक्ता भरतोच आहे, साठ वर्षं, पगार घेऊन. या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं पान हे. परिच्छेद इथे उतरवते:

"बुध. सकाळ ९९.४. संध्याकाळ ९८.६. मितालीने बोट पुढे सरकवलं. गुरु. शुक्र. शाई वाळलेली होती. 'आज कोणता वार?' ओंकारने विचारलं. त्याला माहीत होतं. तिलाही."

१४ सप्टेंबर

आणखी एक भोक, तेही पोरांनीच दाखवलं. "खरा पेशंट असता तर सरकारला नको का कळायला?" आठवीतला. बरोबर आहे. क्षयाच्या रोग्याची सरकारकडे नोंद करणं २०१२ पासून बंधनकारक आहे. ऑनलाइन नोंद होते, गोळ्या तिथून मिळतात, पोषणासाठी महिन्याला हजार रुपये रोग्याच्या खात्यात येतात.

भोक बुजवत बसले नाही, त्यातूनच दार काढलं. गावातली आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य स्वयंसेविका, हे नवं पात्र. वस्तीत गोळ्या चालू असलेला प्रत्येक माणूस तिला तोंडपाठ. मुलं आडून विचारतात, वरच्या इमारतीत कोण आजारी आहे का? ती म्हणते, "वर? वर आमचं कोण नाय. असतं तर माझ्या वहीत आलं असतं." दोन वह्या, एकीत मुलगी आहे, एकीत नाही. मुलांना मदत करणारं मोठं माणूस कोण असावं यावर मी फार डोकं खाजवलं होतं: पोलीस, पत्रकार, निवृत्त शिक्षक. ती उत्तरं सगळी ठोकळेबाज. ही बाई आधीपासून तिथे होतीच.

मोबाइलचा प्रश्न लोक विचारतात म्हणून: रेक्टर सगळे फोन कार्यालयात जमा करून घेतात, रविवारी अर्धा तास देतात. खऱ्या वसतिगृहांत असंच असतं. यापेक्षा जास्त युक्ती लागत नाही.

५ ऑक्टोबर

शेवट. तीनदा उलटापालटा केला. मुलांनी बिंग फोडलं तर जमीन वारसांकडे जाते आणि चाळीस मुलांचं छप्पर जातं. ओंकारला दुसरं वसतिगृह परवडणारं नाही. नाही फोडलं तर पुढच्या वर्षी कोणीतरी पुन्हा त्या खाटेवर झोपणार. पहिल्या खर्ड्यात शेठजींची पणती अचानक येऊन म्हणत होती, "ठेवा जमीन, मुलांसाठी." वाचून दाखवताना माझीच जीभ अडखळली. श्रोते सभ्यपणे गप्प.

आता ती मुलगी येते. १९६३ साली बारा वर्षांची होती. वाईला राहते, पंचाहत्तरीच्या आसपास, नातवंडांची आजी. बरी होऊन गेली होती. तिला पत्ताच नाही की साठ वर्षं तिला ताप येतोय. मुलं तिला शोधून काढतात आणि ती एसटीने वर येते, तपासणीच्या दिवशी, वकिलासमोर, स्वतःच्या खाटेवर बसते. इमारतीचं पुढे काय होतं ते कोर्टावर सोडलंय. पोरांनी यावर भांडण केलं. निम्म्यांना निकाल हवा होता. नाही दिला.

रेक्टरबाईंना खलनायिका करायचं टाळलं. ती स्वतः या वसतिगृहात वाढलीय, लहानपणी दोनदा त्या खाटेवर झोपलीय. हे एका वाक्यात येतं, प्रकरण नव्हे.

१६ नोव्हेंबर

खर्च आणि टाइपसेटिंग. प्रकाशक छोटे, छपाई त्यांची, चित्रं माझ्या खर्चाने असं ठरलं. आठ कृष्णधवल चित्रं, प्रत्येकी १२०० रुपये, म्हणजे ९६००. वाचनासाठी काढलेल्या झेरॉक्स साधारण १४००. मुद्रितशोधन ३५००. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) भारतात फुकट मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मजकूर युनिकोडमध्ये दिला, त्यांनी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये फिरवला आणि रफार भरकटले. 'दुसऱ्या' सगळीकडे 'दुसया' झालं, 'वऱ्हाडी' शब्दाचं काय झालं ते विचारू नका, 'कार्यालय'चा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला. शोधा-आणि-बदला करून भागत नाही, ओळ न् ओळ वाचावी लागते. पुढच्या वेळी आधी विचारा की मांडणी युनिकोडमध्ये होणार का. नसेल तर एक प्रकरण फिरवून बघा आणि मगच सगळं द्या. माझा महिना यात गेला.

चौदा पॉइंटात डेमी आकाराची १२१ पानं भरली. फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा) सोळा पानांचा, म्हणजे १२८ पर्यंत जायचं किंवा ११२ वर यायचं. नऊ पानं कापणं अशक्य नव्हतं, पण पुठ्ठ्याचा तो नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर द्यायची इच्छा होतीच. वर प्रकरणांची सुरुवात नव्या पानावर घेतली. १२८ झाली.

संवादांवरून मुद्रितशोधकांशी खटका. ओंकार आणि आशाताईंची बोली त्यांनी "शुद्ध" करून पाठवली होती. 'नाय' परत आणलं. 'व्हय', 'आरं' मोजकंच ठेवलं; प्रत्येक वाक्यात आलं की ते नाटकातलं खेडं होतं.

७ डिसेंबर

चित्रं आली. व्हरांडा उत्तम, धुकं तर फारच. चादरीच्या घडीचं चित्र मी मागितलंही नव्हतं, चित्रकार पोरीने आपणहून काढलं. ते मुखपृष्ठावर घेतोय.

तापाच्या तक्त्याचं चित्र परत पाठवलंय. चित्रकार पोरगी अभ्यासू. क्षयाचा ताप कसा चढतो ते तिने शोधून काढलं आणि ठिपके बरोबर काढले, संध्याकाळचे वर, सकाळचे खाली. वैद्यकीयदृष्ट्या अचूक, आणि माझा धागा गेला. तिला फोनवर म्हटलं, "अगं, भरणाऱ्याला येत नाही असं दाखवायचंय. चुकीचा काढ." शिवाय ठिपके मंगळवारी संपतात, ते शनिवारपर्यंत हवेत, आणि मंगळवारनंतरची शाई फिकी नको, तीच हवी. नवं चित्र बुधवारी देते म्हणाली. ते आलं की चौथा फॉर्म छापायला सुटेल, बाकीचे सात तयार आहेत.